नाव तिघांचं, रंगमंच पाचांचा: आरईओ स्पीडवॅगनच्या शेवटच्या दौऱ्यांचं प्रकरण

सप्टेंबर 2024 मध्ये आरईओ स्पीडवॅगन या अमेरिकी रॉक बँडने निवेदन काढलं की 1 जानेवारी 2025 पासून या नावाने दौरे होणार नाहीत. कारणही त्यात दिलं होतं. बेस गिटार वाजवणारे ब्रूस हॉल यांच्या पाठीवर नोव्हेंबर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांना परत यायचं होतं. पण श्रोत्यांना ज्या दर्जाची सवय आहे तसं वाजवण्याइतके ते बरे झालेले नाहीत, असं बँडमध्ये मत पडलं. त्यावरून हॉल आणि गायक केव्हिन क्रोनिन यांच्यात जे मतभेद झाले ते मिटले नाहीत. हॉल यांच्या मनात निवृत्ती कधीच नव्हती, हेही निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं.

तिकिटं खपत नव्हती म्हणून हा बँड थांबला असं कोणी म्हणू शकणार नाही. त्याच उन्हाळ्यात ट्रेन या बँडबरोबर त्यांचा मोठ्या खुल्या प्रेक्षागारांचा दौरा झाला होता आणि नोव्हेंबरात लास व्हेगासच्या व्हेनेशियन या कॅसिनो-हॉटेलच्या थिएटरात सलग प्रयोग लागले होते. म्हणून मला हे प्रकरण अभ्यासायला हवं असं वाटतं. उतारवयातल्या बँडबद्दल सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं. आधी स्टेडियम, मग लहान सभागृह, मग कॅसिनो आणि मग काहीच नाही. इथे कॅसिनो आणि लहान सभागृहांनी बँडला तीस वर्षं काम दिलं. बँड मोडला तो वेगळ्याच जागी.

शॅम्पेन ते पहिला क्रमांक

अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय विद्यापीठ महाराष्ट्रातल्या अनेक घरांना मुलांच्या एमएसमुळे माहीत आहे. तिथेच 1967 मध्ये नील डोटी आणि अॅलन ग्रॅट्झर या दोन विद्यार्थ्यांनी हा बँड सुरू केला. डोटी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते. वाहतुकीच्या इतिहासाच्या तासाला फळ्यावर एका जुन्या मालवाहू ट्रकचं नाव लिहिलेलं होतं. रॅन्सम ई. ओल्ड्स यांच्या कंपनीचा हा ट्रक. तेच नाव त्यांनी बँडला दिलं. पुढे जे झालं ते पाहता हे नाव डोटींनी शोधलं होतं हे लक्षात ठेवायला हवं.

पहिला अल्बम 1971 मध्ये एपिक कंपनीकडून आला. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षं इलिनॉय, आयोवा, मिसूरीच्या रस्त्यांवर गेली. गायक बदलत राहिले. टेरी लुट्रेल गेले, क्रोनिन आले, क्रोनिन गेले, माइक मर्फी आले आणि 1976 मध्ये क्रोनिन परतले. हॉल 1977 मध्ये आले. नोव्हेंबर 1980 मध्ये ‘हाय इन्फिडेलिटी’ निघाला आणि 1981 मध्ये तो अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत एकूण 15 आठवडे पहिला होता. ‘कीप ऑन लव्हिंग यू’ त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलं आणि 1985 मध्ये ‘कान्ट फाइट धिस फीलिंग’. त्याच वर्षी जुलैत फिलाडेल्फियाच्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या मैफलीतही हा बँड होता. त्या काळचे पाच जण म्हणजे क्रोनिन, गिटारवादक गॅरी रिचरॅथ, हॉल, कीबोर्डवर डोटी आणि ड्रमवर ग्रॅट्झर.

कोणी काय रचलं होतं, ते पाहू. दोन्ही पहिल्या क्रमांकाची गाणी क्रोनिन यांची. ‘टेक इट ऑन द रन’ आणि ‘रायडिंग द स्टॉर्म आउट’ रिचरॅथ यांची. हॉल यांचं ‘बॅक ऑन द रोड अगेन’, जे ते स्वतः गात. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे ते रचणाऱ्याला मिळतात. त्यावर वाजवणाऱ्याला त्या वाजण्याचे काहीच मिळत नाहीत. सभागृहातल्या कार्यक्रमाचंही तसंच आहे. सभागृह परवान्याचं शुल्क भरतं आणि ते रचनाकारांकडे जातं. म्हणजे ज्याच्या नावावर दोन मोठी गाणी आहेत तो घरी बसला तरी त्याची चूल पेटते. ज्याच्या नावावर एखाददुसरं गाणं आहे त्याची कमाई मुख्यतः रंगमंचावर उभं राहण्यात असते. एका बँडमधल्या माणसांना थांबण्याची किंमत अशी वेगवेगळी पडते, आणि बाहेरून हे दिसत नाही.

पडता काळ आणि नदीवरच्या बोटी

ग्रॅट्झर 1988 मध्ये आणि रिचरॅथ 1989 मध्ये बाहेर पडले. डेव्ह अमाटो गिटारवर आणि ब्रायन हिट ड्रमवर आले. 1990 चा अल्बम चालला नाही, एपिकचा करार गेला. दोन वर्षांत ‘निर्वाणा’सारख्या नव्या रॉक बँडनी रेडिओचा सगळा नूरच पालटला. आठवणींची प्रेमगाणी गाणाऱ्या मध्य-पश्चिमेतल्या बँडला तिथे जागा उरली नाही.

नेमक्या याच वर्षांत त्यांच्या घरच्या मुलखात दुसरंच काही घडत होतं. 1988 च्या केंद्रीय कायद्याने मूळनिवासी जमातींच्या जमिनीवरच्या जुगाराला चौकट मिळाली. 1991 मध्ये आयोवा आणि इलिनॉयमध्ये नदीवरच्या कॅसिनो-बोटी सुरू झाल्या, काही वर्षांत मिसूरीतही. तोवर कॅसिनो म्हणजे मुख्यतः नेवाडा आणि अटलांटिक सिटी. आता ते ज्या गावांत हा बँड वीस वर्षं वाजवत आला होता त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि प्रत्येकाला शुक्रवार-शनिवारी गर्दी खेचेल असं ओळखीचं नाव हवं होतं. तरुण बँड त्यांच्या कामाचा नव्हता. 1981 साली जो वीस वर्षांचा होता आणि आता ज्याच्या खिशात पैसे आहेत, तो त्यांना हवा होता.

कॅसिनोतला कार्यक्रम कसा चालतो हे समजलं की वय झालेले बँड तिकडे का जातात ते आपोआप कळतं. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना कॉन्ट्रॅक्टचा प्रयोग ठाऊक असतो. बिदागी आधी ठरलेली, तिकीटखिडकीवर काय होतं ही घेणाऱ्याची काळजी. कॅसिनो म्हणजे हेच, फक्त मोठ्या रकमेचं. कॅसिनोला तिकिटातून नफा कमवायची गरज नसते. बरीच तिकिटं नेहमीच्या खेळाडूंना भेट म्हणून जातात. माणूस कार्यक्रमाला आला, जेवला, राहिला आणि बाहेर पडताना यंत्रांच्या रांगेतून गेला की पैसे वसूल. म्हणून कार्यक्रम साधारण दीड तासात आवरावा असा आग्रह असतो, आणि तो बहुतेक वेळा पाळला जातो. सत्तरीतल्या गायकाच्या गळ्याला हे सोयीचंच पडतं.

बँडच्या बाजूनेही गणित सरळ आहे. सभागृहाचा स्वतःचा ध्वनी आणि प्रकाश असतो, त्यामुळे मालट्रक लागत नाहीत. गुरुवारी विमान, शुक्रवार-शनिवार प्रयोग, रविवारी घरी. गिटारी बरोबर न्यायच्या, अॅम्प्लिफायर, ड्रम आणि जड कीबोर्ड तिथेच भाड्याने घ्यायचे. रोज अनोळखी ड्रमसंचावर बसणं सोपं नसतं, पण महिनोन्‌महिने बसमध्ये झोपण्यापेक्षा ते शरीराला परवडतं. त्या बदल्यात करारात एक अट असते की अमुक दिवस, अमुक मैलांच्या आत दुसरीकडे वाजवायचं नाही. बऱ्याच करारांत आणखी एक अट असते. ठरावीक माणसं रंगमंचावर दिसलीच पाहिजेत, नाहीतर पैसे नाहीत. बहुतेकदा ते गायकाचं नाव असतं.

हे सगळं केविलवाणं आहे असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. अठराशे खुर्च्यांच्या सभागृहात शेवटच्या रांगेलाही गायकाचा चेहरा दिसतो. स्टेडियममध्ये तो पडद्यावरच दिसतो. व्हेनेशियन थिएटर साधारण तेवढंच आहे. वाजवणाऱ्यांसाठी ही सन्मानाची नोकरी आहे.

या बँडचं आणि कॅसिनोचं नातं इतकं मुरलं होतं की 2020 मध्ये ‘ओझार्क’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात ते स्वतःच्याच भूमिकेत आले. मालिकेतल्या कुटुंबाची मिसूरीतल्या तळ्यावर कॅसिनो-बोट आहे आणि तिच्यावर हा बँड वाजवतो. त्या भागाच्या शीर्षकातच क्रोनिन यांचं नाव आहे. त्यानंतर ‘टाइम फॉर मी टू फ्लाय’ हे 1978 चं गाणं पुन्हा विक्रीच्या यादीत आलं. नव्या पिढीने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कॅसिनोच्या रंगमंचावर, आणि ऐकावंसं वाटलं म्हणून गाणं विकत घेतलं.

कोण उरलं होतं

सप्टेंबर 2015 मध्ये रिचरॅथ गेले. त्याआधी डिसेंबर 2013 मध्ये इलिनॉयमधल्या चक्रीवादळग्रस्तांसाठी ब्लूमिंग्टन इथे झालेल्या कार्यक्रमात ते जुन्या सोबत्यांबरोबर एका गाण्यापुरते उभे राहिले होते. जानेवारी 2023 मध्ये डोटी 76 व्या वर्षी दौऱ्यांतून निवृत्त झाले. सुरुवातीपासून सलग बँडमध्ये असलेले ते एकटेच होते. त्यांच्या जागी डेरेक हिलंड आले. वर्षअखेरीस हॉल शस्त्रक्रियेसाठी गेले आणि एल्टन जॉन यांच्या बँडमधले मॅट बिसोनेट तात्पुरते म्हणून आले.

म्हणजे 2024 मध्ये ‘हाय इन्फिडेलिटी’च्या पाच जणांपैकी रंगमंचावर एकटे क्रोनिन होते. श्रोत्यांची मात्र तक्रार नव्हती. गाणी तीच, आवाज तोच.

हॉल यांची बाजू समजायला बेस गिटारकडे जवळून पाहावं लागतं. ती चार किलोच्या आसपास भरते. रुंद पट्ट्याने डाव्या खांद्यावर टांगलेली असते, तिचं ओझं मानेपासून कंबरेपर्यंत एका बाजूने खाली ओढत राहतं, आणि दीड तास उभं राहायचं, चालायचं, मध्येच माइकपाशी जाऊन गायचं. डावा हात जाड तारा दाबत लांब दांड्यावर वरखाली सरकतो आणि धड त्याच्याबरोबर वळतं. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर सत्तरीतल्या माणसाला हे जमेल की नाही, हा प्रश्न खोटा नव्हता. गायकाचा आवाज उतरला की अनेक बँड सगळ्या गिटारी अर्ध्या स्वराने उतरवून लावतात आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. पाठीसाठी अशी झाकली जाणारी सोय नाही.

क्रोनिन यांचा मुद्दाही हलका नाही. बेस आणि ड्रम यांच्यात केसाएवढं अंतर पडलं तरी सगळं गाणं जड होतं, आणि ते खुर्चीतल्या माणसाला कारण न कळता जाणवतं. त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेतल्यावर रंगमंचावरचं कोण कुठल्या दुखण्यातून सावरतंय हे त्याने का पाहावं?

पण ‘बरे झालात की नाही’ हे ठरवणारे आणि नावाचे वाटेकरी एकच असले की वैद्यकीय प्रश्न मालकीचा प्रश्न होतो. निवेदनाच्या शेवटी श्रोत्यांचे आभार मानले आहेत ते नील, केव्हिन आणि ब्रूस या तिघांनी. डोटी त्या वेळी दौऱ्यावर नव्हते, हॉल नव्हते. तिघांपैकी दोघं घरी आणि एक रंगमंचावर, अशी ती स्थिती होती. आणि रंगमंचावरच्या पाचांपैकी चौघांचं त्या आभारात नाव नव्हतं.

शेजारच्या बँडने काय केलं

स्टिक्स हा शिकागोचा बँड आरईओचा जुना सोबती. 2000 मध्ये दोघांनी सेंट लुईसजवळच्या रिव्हरपोर्ट इथे एकत्र कार्यक्रम करून तो ध्वनिमुद्रित केला आणि नंतर कित्येक उन्हाळे एकाच फलकावर घालवले. स्टिक्सचे बेसवादक चक पनॉझो हे संस्थापकांपैकी. आपण एचआयव्हीबाधित आहोत हे त्यांनी 2001 मध्ये स्वतः जाहीर केलं. पूर्ण दौरा झेपणार नव्हता. स्टिक्सने दुसरा बेसवादक कायमचा घेतला, आणि पनॉझो प्रकृती साथ देईल तेव्हा येतात, काही गाणी वाजवतात. वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं आहे. प्रेक्षक त्यांच्या येण्याला टाळ्या देतात. कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

जेनेसिस या ब्रिटिश बँडने 2021-22 च्या शेवटच्या दौऱ्यात वेगळी वाट काढली. त्यांचे गायक आणि ड्रमर फिल कॉलिन्स यांना ड्रम वाजवता येत नव्हता, उभंही राहता येत नव्हतं. ते खुर्चीत बसून गायले आणि ड्रमवर त्यांचा मुलगा होता.

हॉल यांच्यासाठी तीन-चार गाण्यांची जागा ठेवता आली असती. ‘बॅक ऑन द रोड अगेन’ तर त्यांचंच होतं. ही तडजोड बंद दाराआड सुचवली गेली की नाही यावर मी काही म्हणणार नाही. एवढं मात्र ठामपणे म्हणेन की अशी व्यवस्था सगळे धडधाकट असताना लिहून ठेवायची असते. शस्त्रक्रियेनंतर ती मागितली की एकाला ती भीक वाटते आणि दुसऱ्याला धमकी.

2025: दोन रंगमंच

मे 2025 मध्ये स्टिक्स आणि ईगल्सचे माजी गिटारवादक डॉन फेल्डर यांच्याबरोबर केव्हिन क्रोनिन बँड दौऱ्यावर निघाला. क्रोनिन, अमाटो, हिट, बिसोनेट, हिलंड. मागच्या वर्षी आरईओ स्पीडवॅगन म्हणून जे पाच जण उभे होते तेच पाच, तीच गाणी. फलकावरचं नाव तेवढं निराळं.

14 जून 2025 ला शॅम्पेनच्या स्टेट फार्म सेंटरमध्ये दुसरा कार्यक्रम झाला. तिथे हॉल होते, डोटी होते, ग्रॅट्झर होते, आणि पूर्वीचे गायक लुट्रेल आणि मर्फी होते. क्रोनिन नव्हते. तारीख आपल्याला विचारून ठरवली नाही, त्या रात्री आपला कार्यक्रम आधीच ठरलेला होता, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. ज्यांनी 1980 चा अल्बम केला त्या पाचांपैकी हयात चौघं असे दोन ठिकाणी वाटले गेले. एकीकडे आवाज आणि सर्वांत मोठी गाणी, दुसरीकडे नाव देणारा, पहिला ड्रमर आणि बेसवादक. खरा आरईओ कोणता, असं चाहते हिरिरीने विचारत होते. मला तो प्रश्न निष्फळ वाटतो, कारण गाण्याच्या दृष्टीने एक उत्तर येतं आणि माणसांच्या दृष्टीने दुसरं, आणि दोन्ही खरी आहेत.

कायद्याला मात्र उत्तर द्यावंच लागतं. जुन्या नावाखाली भलतीच माणसं उभी करण्याचा धंदा रोखायला पेन्सिल्व्हेनियाने 2005 मध्ये कायदा केला आणि नंतर तीसहून अधिक राज्यांनी त्याच धर्तीवर कायदे केले. मूळ ध्वनिमुद्रणातला निदान एक माणूस हवा किंवा नावाचा कायदेशीर हक्क हवा, असा त्याचा ढोबळ आशय. फॉरिनर या बँडचे संस्थापक मिक जोन्स आजारपणामुळे दौऱ्यावर नसतात तरी बँड फिरतो, कारण त्यांनी स्वतः हयातीत नव्या माणसांना नाव वापरू दिलं आहे. त्या कार्यक्रमाबद्दल कोणाला काय वाटेल ते वाटो, व्यवस्था स्वच्छ आहे.

आरईओकडे नावाचे धनी होते, गाणी होती, मागणी होती आणि पुढच्या हंगामाची निमंत्रणंही आली असती. एखाद्याचं शरीर थकलं तर त्याने रंगमंच सोडला म्हणजे वाटाही सोडला का, याचं सर्वांना मान्य उत्तर तेवढं नव्हतं. माझ्या मते हे दोन हक्क सुरुवातीलाच वेगळे करायला हवेत. वाट्याचे पैसे आयुष्यभर. वाजवण्याचा निर्णय ज्याचा त्यात पैशाचा हितसंबंध नाही अशा माणसाकडे, मग तो बँडचा वैद्य असो की जुना ध्वनितंत्रज्ञ. आणि अधूनमधून येण्याची जागा नाव घेऊन करारात लिहिलेली, किती गाणी यासकट. कॅसिनोवाले आपल्या करारात ‘अमुक माणूस दिसलाच पाहिजे’ असं लिहून घेतात. बँडनेही आपसात तेवढी काळजी घ्यायला काय हरकत होती?

या सगळ्यात अमाटो आणि हिट यांच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. 1989 पासून, म्हणजे ‘हाय इन्फिडेलिटी’च्या पाचांपैकी रिचरॅथ आणि ग्रॅट्झर जेवढी वर्षं होते त्याहून कितीतरी जास्त, ते या नावाने वाजवत होते. जत्रा-मेळे, क्लब, कॅसिनो, परत मोठी प्रेक्षागारं, सगळा पडता आणि चढता काळ त्यांच्या हातून गेला. तंत्रज्ञांचंही तेच. क्रोनिन यांनी लगेच नवा बँड उभा केला म्हणून या दोघांचं काम टिकलं. तसं झालं नसतं तर पस्तीस वर्षांनी त्यांच्या हाती काय आलं असतं, याचा त्या निवेदनात उल्लेख नव्हता.